बद्द

मंगळवार बाजारात, कुलपंवाल्याच्या पलीकडं
माझं पटकूर. तराजू, भिंग,
आणि पंचम जॉर्जचा एक रुपया, जो मी विकत नाही.
तेच माझं माप. जुना रुपया म्हणजे तोळा,
त्यातून माणसांच्या बोटांनी नेलेल्या एक-दोन गुंजा वजा.

लोक म्हणतात, वाजवून बघा की वो.
वाजवतो. त्यांच्यासाठी.
मला ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं साखर पेठेत मागावर काढली,
धोट्याची खटखट कानात शिरली ती आतच राहिली.
चांदीची ती बारीक, लांबत जाणारी शेपटी
सगळ्यात आधी गेली.

म्हणून नाणं बोटाच्या टोकावर तोलतो,
टिचकी देतो, कड दाताला लावतो.
खरं असेल तर दाढेच्या मुळापर्यंत मुंगी चालत जाते
आणि बराच वेळ परतत नाही.
खोटं तिथंच बद्द, ओल्या मडक्यासारखं.

बाकी डोळ्यांचं काम.
कडेचे दाते मोजू नका, दात्यांमधल्या फटी बघा.
ओतलेल्या नाण्याला उशीच्या अभ्र्यासारखी शिवण असते,
राजाच्या गालावर देवीचे वण.
आणि झीज.
खरी झीज उंचावरून सुरू होते:
मुकुट, कान, मिशी,
अंगरख्यावरच्या कणीएवढ्या हत्तीची पाठ.
बनावट झीज सगळीकडं सारखी, खोलगटातसुद्धा,
चिंच आणि राखेनं एका रात्रीत उरकलेली.

परवा नरसव्वा क्यातम आली.
बोटांना विडीच्या तंबाखूचा वास,
पदरात सात रुपये, नाकी जोडलेले,
काळा गोफ अजून ओवलेला.
"वजनानं घ्या, घासाघीस नको."

सहा माझ्या दातानं पास केले.
सातवा गप्प.
तराजूत दीड मासा हलका. शिवण होती. वण होते.
आणि तरी
मुकुट सपाट, कान गुळगुळीत,
हत्ती कुठं होता ते फक्त मलाच कळावं इतका गेलेला,
खोलात मात्र जुना काळा घाम तसाच.
अशी झीज चिंचेनं येत नाही.
कुणाच्या तरी गळ्यावर साठ-सत्तर वर्षं
श्वासागणिक घासावं लागतं.
भिंग दोनदा पुसलं.
खोट्या नाण्यावर खरी झीज,
याला आमच्या धंद्यात शब्द नाही.

"खोटं हाय का वो?"
ओठांवरून कळलं मला.
मान हलवली.
ती चिडली नाही. हिशोब लावत होती बहुतेक,
गिरणीच्या पगारात तो सासऱ्याला कुणी टेकवला,
की सासऱ्यानंच सासूला,
आणि दोघांपैकी कुणाला ठाऊक होतं.

सहांचे पैसे कनवटीला लावले.
सातवा उचलला, पदरानं पुसला,
आणि माझ्याकडं न बघता
पुढच्या दातांत धरला, क्षणभर.

काही लागलं का,
मी विचारलं नाही.