फाटकाच्या आत भाव नसतो

बार्शी रोडला लागून आमची डाळमिल.
मी तिथं हिशेब लिहितो. एकवीस वर्षं.
तुरीच्या धुळीनं माझ्या खोकल्यालाही आता
एक ठरलेली चाल बसलीय.

अकराच्या सुमारास यार्डात सौदा निघतो.
ढिगात हात जातात, मूठभर तूर तळव्यावर फिरते,
कुणीतरी एक दाणा दाताखाली फोडतो
आणि आकडा बाहेर पडतो.
तो बसवंतअप्पांनी ठरवलेला नसतो, अडत्यानंही नाही.
विचारलं तर सगळे म्हणतात, मार्केटनं काढला.
जणू मार्केट नावाचा कुणी थोरला भाऊ
माडीवर झोपलाय
आणि झोपेतच बोलतो.

पण पोतं एकदा फाटकाच्या आत आलं
की त्याचा भाव गळून पडतो.
चाळणी रोलरला बिल देत नाही.
खाजामियाँ पट्टा बदलताना मोटारीला विचारत नाही,
याचे तू मला काय देशील?
अप्पा म्हणतात उचल,
उचललं जातं.

एकदा वहीच्या मागच्या पानावर मी मांडून पाहिलं होतं:
इथंही प्रत्येक टोपलीचा सौदा केला तर?
गच्चीवर तूर उलथणाऱ्याला दर पावलाची पावती?
दिवस मावळेपर्यंत किलोभर डाळ निघाली नसती.
तेव्हा कळलं, भिंत नुसती चोरांसाठी नसते.
भिंत म्हणजे न केलेल्या घासाघिशींचा ढीग,
वरून पत्रे टाकलेला.

मागच्या माघात पाच मिलवाले चहाला बसले.
भरडाईचा दर एकच, खाली कुणी यायचं नाही.
दत्ताच्या देवळाकडं तोंड करून शब्द झाला.
भजी झाली.
घरी जाताना पाचही जणांनी
एकच विचार केला असणार:
बाकीचे चौघे शब्दाचे पक्के आहेत,
म्हणजे मी दहा रुपये उतरलो तर…
रात्री साडेनऊला अप्पांचा फोन.
"उदगीरच्या पार्टीला सांग, दहा कमी."
मी सांगितलं.
पार्टी हसली. म्हणाली,
मुनीमजी, तुमचा चौथा फोन.

मग सॉर्टेक्स आलं.
काळा दाणा दिसला की हवेची एक फुंकर,
दाणा बाजूला.
हप्ता एवढा की दिवसरात्र चालवलं तरच परवडतं,
म्हणून दिवसरात्र चालतं.
चालवायला तूर लागते,
म्हणून सौद्यात अप्पांचा हात थोडा वर असतो,
म्हणून समोरच्या मिलला कुलूप आहे.
मी सगळीकडं शोधलं.
त्या कुलपाची किल्ली फिरवणारा हात
कुठल्याच वहीत सापडला नाही.

निवडणाऱ्या अकरा बायका होत्या.
शिवलीला कोनाळे त्यातली सगळ्यात जुनी,
अंधारातही खडा ओळखायची, बोटांनी.
"उद्यापासून नको," हे मीच सांगितलं.
शब्द अप्पांचे,
तोंड पगारी.

दिवाळीनंतर ती परत आली.
आत नाही. फाटकाबाहेर, लिंबाखाली,
निळी ताडपत्री, दोन सुपं, उसना काटा.
मशीन ज्या डाळीला नापास करतं
ती शिवलीला विकत घेते, निवडते,
गांधी चौकातल्या खानावळींना घालते.
फाटक होतं तिथंच आहे.
रेघ तेवढी सरकली,
आणि ती रेघेच्या पलीकडं निघाली.

इतक्या वर्षांत तिनं मला एकच गोष्ट विचारली होती:
पगार कधी?
काल खिडकीशी उभी राहिली.
डाळ तळव्यावर फिरवली,
एक दाणा दाताखाली फोडला.
"काय भाव लावायलाव, मुनीमजी?"

मी आकडा सांगितला.
तिनं मान हलवली. नाही.
"पल्याडच्या मिलमधी दोन रुपयानं कमी हाय."

खरं होतं की नाही, माहीत नाही.
मी अप्पांच्या केबिनकडं बघितलं.
ती माझ्याकडं बघत होती,
घाई नसल्यासारखी,
तळव्यावरची डाळ
पुन्हा पोत्यात न टाकता.