पायगुण

लुडविका बाईंनी फळ्यावर खडूने एक माणूस काढला.
कोट जर्मन धाटणीचा, मागून शेपटासारखा फाकलेला.
डोक्यावर टोपी, कारण टोपीखाली काहीतरी असतंच.
डावा पाय मात्र घोट्याशी सोडून दिला.
"गोष्टीतला हा घड्याळजी सैतान आहे,
असं लेखक कुठंच म्हणत नाही.
मग तुम्हाला कसं कळलं?"

बाहेर व्हेन्ता नदीचा बर्फ तडकत होता.
वर्गात ओल्या लोकरीचा वास.

आम्ही शोधायला लागलो, आडोशाला घातलेली
कोंबडीची अंडी शोधावीत तसे.
तो लंगडतो: पान दुसरं.
कुत्रं भुंकत नाही, शेपूट घालून चुलीमागे जातं.
चमच्यात त्याचा चेहरा उलटा दिसतो.
"तो तर सगळ्यांचाच दिसतो," झिद्रूनास म्हणाला
आणि तास संपेपर्यंत कोपऱ्यात उभा राहिला.
कोंबडा आरवला की पैसे न मोजता उठतो.
मी म्हणाले, त्याला पाठ नसते, आत्या सांगते,
पुढून माणूस, मागून पोकळ,
कणीक मळायच्या काथवटीसारखा.
बाईंनी तेही लिहून घेतलं.

फळा भरला. बाईंनी दार लागलंय का पाहिलं.
साल अठ्ठ्याऐंशी. अजून सवयीने सगळे दार पाहत.

"मी सात वर्षांची असताना आमच्याकडे एक जण आला.
बूट उंबऱ्याबाहेर काढले,
आईने नको नको म्हटलं तरी.
टेबलाशी बसला, वही उघडली.
गाई किती, विचारलं. पलंग किती.
कोण कोण झोपतं कुठं.
राईची भाकरी खाल्ली, चांगली झालीय म्हणाला,
आणि खरंच चांगली झाली होती.

मी टेबलाखाली शिरले. खूर बघायला.

दोन पाय होते. माणसाचे.
करड्या मोज्यातून उजवा अंगठा बाहेर आलेला,
नख वेडंवाकडं कापलेलं.
थंडीने तो अंगठा सारखा आत-बाहेर करत होता.
मी वर येऊन आईच्या कानात सांगितलं,
घाबरू नको, तो नाहीये.

आईने त्याचा मोजा मागून घेतला, रफू करून दिला.
तेवढा वेळ तो एक पाय दुसऱ्यावर ठेवून बसला
आणि यादी पूर्ण केली.

मार्चमध्ये ट्रक आला.
पलंग चार, माणसं पाच, बरोबर होतं सगळं.
इर्कुत्स्कच्या वाटेवर डब्यात आई एकदाच बोलली:
धागा चांगला होता गं तो."

बाईंनी फळा पुसला. कोट गेला, टोपी गेली.
डावा पाय नव्हताच, तो तेवढा पुसायचा राहिला.
"उद्या मोज्यावर दहा ओळी लिहून आणा."
मी चार लिहिल्या. चारही खोडल्या.

आता मी नगरपालिकेत नोकरीला आहे.
पुराच्या पट्ट्यातली घरं मोजते,
कुठली राहतील, कुठली हलवायची.
वाईट काम नाही. लोकांना भरपाई मिळते, बहुतेकांना.

परवा नदीकाठच्या शेवटच्या घरी गेले.
चिखल होता म्हणून बूट बाहेर काढले.
म्हातारीने बडीशोप घातलेला चहा दिला.
मी वही उघडली. खोल्या किती, विचारलं.
झोपतं कोण कोण.

टेबलाच्या कापडाची किनार हलली.
खालून कुणाचा तरी श्वास माझ्या घोट्याला लागला,
लहान, गरम, अगदी जवळून.

मी पाय मागे घेतले नाहीत.
बघू दिलं.
चहा निवेपर्यंत वरून मीही वाट पाहत होते,
तो काय सांगतो याची.