आकडी

माझ्याकडे ऑनलाइन मागवलेली सुरी होती,
मुठीत होकायंत्र, पाठीवर करवतीचे दात.
रिवणच्या गुणो चारीने ती उलटीपालटी केली,
कानाशी नेऊन पात्यावर टिचकी मारली,
ऐकलं.
'आंबो कापपाक बरी.'

मग म्हणाला, 'हात दाखय.'
मी तळवा पुढे केला.
तो नव्हे, आख्खा, खांद्यापासून.
शिंप्यासारखी वीत टेकवत त्याने मोजला
आणि विचारलं, काय कापणार?
झाडांचे नमुने, मी म्हणाले. पानं, साली, कधी फांदी.
दोन रात्री वर नेत्रावळीच्या रानात,
सोबत मोलू वेळीप.
'म्हणजे कापणार थोडं, चालणार खूप.
हलको जाय तुका.'

दारात ट्रकच्या पाट्यांचा ढीग.
खाणी थांबल्या तेव्हापासून
सावर्ड्याहून भंगाराच्या भावात येतात.
ह्यांच्याच पाठीवर बसून
डोंगर गेला नदीच्या धक्क्यापर्यंत, खेपेखेपेने.
'वाकून परत सरळ व्हायची सवय आहे ह्याला,'
गुणो म्हणाला,
'नव्या लोखंडाला ती कोण शिकवणार?'

करवंटीचा कोळसा. भात्याच्या जागी ब्लोअर.
पाणी देताना मात्र ब्लोअर बंद, बोलणं बंद.
मग पुन्हा मंद आचेवर पातं
पिवळं, तपकिरी,
आणि मोराच्या मानेचा निळा उतरायच्या आत
बाहेर.
अलीकडे थांबलं तर तुकडा पडतो,
पलीकडे गेलं तर धार वाकते.
मूठ जांभळीची. व्हर्निश लावू नकोस, म्हणाला,
घाम पिऊ दे तिला.
लाकडाची आकडीही दिली, कमरेला मागे बांधायला.
पैसे सुरीच्या निम्मेसुद्धा नाहीत.
(सुरी हल्ली घरी असते. पोदेराचे उंडे चिरते.)

माझ्या पाठीवर अकरा किलो.
मोलूच्या पिशवीत
खोबरेलाच्या रिकाम्या डबीत काडेपेटी,
सुंभाचं वेटोळं, जर्मनचं टोप,
जळवांसाठी चिंधीत मीठ,
आणि एक गोणपाट, जो आसन, पांघरूण, छप्पर,
जसा प्रसंग.
'बाई, ह्यातलं काय काय वापरलंस?'
दुसऱ्या सकाळी त्याने विचारलं.
मी विषय बदलला.

लागलेला घाव नंतर बघ, तो म्हणायचा,
चुकलेला कुठे जाईल ते आधी.
मांडीच्या दिशेने नाही. माणूस उभा असेल तिकडे नाही.
पातं मातीत रोवायचं नाही, माती धार खाते.
काळ्या रसाच्या बिब्ब्याला लावायचंच नाही.
उक्षीची वेल आधी वर तोडायची, मग खाली,
उलट केलंस तर पाणी वर पळतं.
मी उलट केलं.
तो काही बोलला नाही, दुसरी वेल दाखवली.
कपभर पाणी, थोडं तुरट,
त्यात एक किडा पोहत होता.

तिसऱ्या दिवशी, उतरताना,
जे झाड शोधत मी इतकी आले होते
ते दिसलं. देवराईत, आत.
हात आपोआप मागे आकडीकडे गेला.
मोलूने तोवर स्वतःची आकडी सोडून
बाहेरच्या किंदळाच्या फांदीला अडकवलीही होती.
'लोखंड भितर वचना.'
मी अर्ज, परवाना, शासकीय शिक्का, सगळं सांगितलं.
तो चपला काढत होता.

आत कमरेमागे वजन नव्हतं
आणि मी दर दोन पावलांना चाचपत होते.
झाडाखाली वाकून वाकून
तीन गळलेली पानं मिळाली, एक किडीने खाल्लेलं,
आणि एक फळ, अर्धं, वानराचे दात लागलेलं.
वहीत लिहिलं: नमुना अपुरा.

बाहेर दोन कोयते शेजारी शेजारी लटकत होते.
त्याचा काळा, माझा अजून चकचकीत,
टोकाशी तांबूस एक ठिपका.
'राख लाव, मग खोबरेल,' मोलू म्हणाला,
आणि माझा कोयता माझ्या हाती देताना
मूठ माझ्याकडे केली.