दार लावा की ओ

बेनाडीच्या शाळेत, सातवीच्या खिडक्यांना
तंबाखूची रिकामी पोती बांधली.
पहिली दहा मिनिटं वर्ग नुसता शिंकला.
मग पुठ्ठ्याला दाभणानं एक भोक,
आणि समोरच्या भिंतीवर
बसस्टँड उतरला, चाकं वर करून.

"बाई, उलटं पडलंय की ओ!"

फाट्यावरची पाटीही आली होती,
वरचं कन्नड खाली, खालचं मराठी वर.
भरमा वाचायला हातांवर उभा राहिला.
शर्ट तोंडावर, आतून आवाज:
"सरळ झालं, पण अक्षरं आरशातली हाईत."

का?
गाइडात नव्हतं.
सोळा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले,
"मला माहीत नाही. उद्या बघू."

रात्री फोन केला
कंपाउंडपलीकडच्या कन्नड शाळेतल्या हुली सरांना.
ते आधी हसले. मग म्हणाले,
"टीचर, कागदाला एण्णे लावा, मागनं बघा."

भिंगांच्या कपाटाची किल्ली
अजून हेडमास्तरांच्या खिशात.
'फुटल्यास पगारातून' अशी चिठ्ठी आहे आत.
असू दे.
पातळ कागद, शेंगतेल, दोरीला दोन चिमटे.

भरमा कागदामागं गेला, पाय वर केले
आणि वाचू लागला,
कन्नड अडखळत, मराठी घाईनं.
"उतर आता," रुबीना म्हणाली, "माझा नंबर."

तेवढ्यात दार उघडलं.
हुली सर, मागं त्यांची तीस पोरं.
उजेडात सगळं चित्र पुसलं गेलं
आणि अंधारातून एकदम ओरडा:
"आत या, आन् दार लावा की ओ!"