एकच व्यक्ती

वाळपईच्या नोटरीकडचा पंखा
फक्त नोटरीच्याच बाजूला फिरतो.
टाईप केलेलं मी वाचते:
निवेदिता सुभाष मांद्रेकर आणि निवेदिता सर्वेश गावस
ही एकच व्यक्ती आहे
असे मी शपथेवर सांगते.
"वाचलें मगे? मग मार सही."

आमचं लग्नसुद्धा दोन सह्यांचं.
पहिली झाली, मग कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागली,
कुणाची हरकत असल्यास कळवावे.
सर्वेशची रजा एकवीस दिवसांची,
त्यातले बारा
हरकतीची वाट बघण्यात गेले.
रोज संध्याकाळी तो मुद्दाम त्या फळ्यावरून
स्कूटर काढायचा
आणि येऊन सांगायचा,
आहोत गो अजून, काचेआड.

दुसरी सही, देवळात अक्षता,
आणि पाचव्या दिवशी मोपाला
ट्रॉलीवर दोन बॅगा, एकीत सुके बांगडे.

विनिपेगला त्याची फाईल तेव्हा अगदी उंबऱ्यात होती.
कार्ड जानेवारीत, सगळेच म्हणत होते.
मग एजंट म्हणाला, बायकोला आत्ताच दाखव,
आज अर्जात नसली
तर उद्या ती कधी नव्हतीच.
त्याने एका रकान्यातली खूण खोडली,
शेजारच्या रकान्यात केली.
फाईल उंबऱ्यातून परत गेली,
किती मागे, ते कुणी सांगत नाही.

घरात कुणी मला काही बोललं नाही.
सासूबाई एकदाच, नारळ सोलता सोलता,
"जानेवारींत येवपाचें आशिल्लें न्हय तें कार्ड?"
आणि शेंडी ओढून काढली.

आता तिकडचे पुरावा मागतात,
नातं खरं असल्याचा.
फोटो जोडा, वेगवेगळ्या प्रसंगांचे.
माझ्याकडे एकवीस दिवस आहेत
आणि निळ्या ड्रेसवरचे सात फोटो.
बोलण्याची नोंद जोडा.
ती छापली, चारशे पानं,
झेरॉक्सवाला रुपेश मान खाली घालून
न वाचल्यासारखी पानं जुळवत होता.
वाचण्यासारखं होतं तरी काय?
जेवलास?
जेवलो.
काय?
पाव.

तिथे तो बेकरीत रात्रपाळीला पाव भाजतो.
इथे सकाळी पोदेराचा भोंगा वाजला
की मी फोन खिडकीबाहेर धरते.
दोघंही काही बोलत नाही.
त्या पानावर नुसती वेळ छापून आलीय,
६:४०, एक मिनिट अकरा सेकंद.

चवथीला आरतीत तो तिकडून साथीला बसला,
टेबलावर तळव्यांनी वाजवत.
ठोका पोचायला उशीर,
आम्ही पुढच्या कडव्यात, तो मागच्या.
धाकट्या दिराने माझ्याकडे बघितलं,
मग सगळ्यांनीच जरा सावकाश घेतलं.
तरी तो मागेच.

त्याचं घुमट खुंटीला आहे.
दमट हवेत कातडं सैल पडतं,
मी ते चुलीच्या धगीला धरते,
टिचकी मारून ऐकते.
वाजवायला मला येत नाही.

फॉर्मात एक चौकट आहे,
तुमची ओळख कशी झाली, थोडक्यात.
होंड्याला कदंबात चढले, सुटे नव्हते,
मागच्या सीटवरच्याने माझं तिकीट काढलं.
अकरा रुपये.
अजून परत दिलेले नाहीत.
हे लिहू का, विचारलं,
तर तो हसला आणि म्हणाला, लिही,
पण देऊ नकोस.

नोटरी पेन पुढे करतो.
हात आपोआप चालतो,
नि, वे, मग मां,
आणि अनुस्वारावर थांबतो.
तो चष्म्यावरून बघतो.
"बाई, आतां कोण तूं?"
मी म्हणते, तेच तर लिहिलंय वर.

पन्नासाचा आणखी एक कागद लागणार.
टायपिस्ट चहाला गेलाय.
बाहेर बाक आहे,
तिथे बस, म्हणतो,
नाव घेऊन हाक मारतों.