उतारा

आप्पा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते.
हंगामात अंगाला मळीचा वास घेऊन घरी यायचे
आणि ताटावर बसताना आकडा सांगायचे:
आजचा उतारा बारा पूर्णांक चार.
जणू घरातलंच कुणी पास झालं होतं.

मीही साखरच मोजते.
यादवनगराच्या कडेला, मनपाच्या दवाखान्यात.
बोटाला सुई, पट्टीवर थेंब,
पाच सेकंदांत आकडा.
मोठा आला तर इथं कुणी पेढे वाटत नाही.

केरबा साळोखे, वय अठ्ठेचाळीस,
फौंड्रीत सात ते सात,
उपाशीपोटी दोनशे अडुसष्ट.
डॉक्टरांनी लिहिलं: गोळी दोन वेळा, पालेभाजी रोज.
त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला.
"गोळी मिळती की, बाई. कोपऱ्यावर तीन मेडिकलं हाईत,
रात्री बारापतूर उघडी.
ह्यो पाला कुठल्या दुकानात घ्यायचा?"

मी हसले.
मग संध्याकाळी त्याच्या गल्लीतून चालत गेले.
पहिलं दुकान: खारी, फरसाण,
पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा,
कोंब फुटलेले बटाटे.
दुसरं दुकान: तेच, बटाटे वजा.
कपिलतीर्थाची मंडई रिक्षानं साठ रुपये लांब,
आणि पोकळ्याची पेंडी वीसची.
नऊ वर्षं बोटं टोचून जे मला कळलं नव्हतं
ते तिथं उभ्या उभ्या कळलं.

जुबेदा बागवान लक्ष्मीपुरीत गाडा लावायची.
तिला म्हटलं, पाळी सुटायच्या वेळी इकडं ये.
म्हणाली, "आणि गिऱ्हाईक नाही आलं तर?
सुकलेला पाला काय उशाला घेऊ?"
बचत गटाच्या बायका म्हणाल्या,
उरेल त्यातला निम्मा आमच्या अंगावर.
पहिल्या आठवड्यात लई उरलं.
सतरा घरांनी तीन दिवस शेपू खाल्ला
आणि मला नाव घेऊन शिव्या घातल्या.

आता गाडा दवाखान्याच्या पायरीशीच असतो.
चाकवत, अंबाडी, दोडका,
राधानगरीकडची नाचणी अर्ध्या किलोच्या पुड्यांत.
मी चिठ्ठी देते: पोकळा एक पेंडी, वरणा पावशेर.
चिठ्ठीवर निम्मे पैसे, उरलेले गटाच्या डब्यातून.
जुबेदा चिठ्ठ्या तारेला ओवते,
महिनाअखेर ती तार माझ्या टेबलावर आपटते.

केरबा दोनशे सातवर आलाय.
चमत्कार बिमत्कार नाही.
रविवारचा तांबडा रस्सा तो सोडत नाही,
मीही त्याला सोड म्हणत नाही.
त्याची ईश्वरी, दुसरीतली, गाड्याला टेकून
मटाराच्या शेंगा फोडत असते,
दाणे खाते आणि टरफलं परत ढिगात टाकते.
जुबेदा ओरडते, "ही पोरगी नव्हं, घूस हाय!"
ईश्वरीचं नाव माझ्या वहीत नाही.
ज्यांना काही झालं नाही
त्यांच्यासाठी वहीत रकानाच छापलेला नाही,
मी शोधून पाहिलं.

घरी आप्पा कॉटवर बसलेले असतात,
डाव्या पायाची दोन बोटं कमी.
चप्पल काढायच्या आत विचारतात,
"आजचा उतारा?"
मी पिशवी पुढं करते.
"एकच अंबाडीची पेंडी उरली, आप्पा. तीही जरा मरगळलीय."
ते पानं चाचपतात, देठ मोडून वास घेतात,
लॅबमध्ये रसाची बाटली धरायचे तसे.
"पाण्यात घालून ठेव," म्हणतात.
"उठेल."