परत येण्याचा पुरावा

घणसोली गाव संपून सेक्टर सुरू होतो
तिथे माझं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड,
आणि पाटीवर शेवटी, जागा उरली म्हणून, व्हिसा.

नामीबाई घरत दुपारी येतात, गिऱ्हाईक नसताना.
कागद पिशवीतून एकेक काढतात,
वाटे लावावे तसे काउंटरवर मांडतात.
मुलगी रॉटरडॅमला. सातवा लागलाय.
जावयाचं निमंत्रणपत्र आहे, तिथला शिक्का आहे,
विमा आहे तीस हजार युरोचा.
"एवऱ्यान तं आक्की आली बरी होईल," त्या म्हणतात.

फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस.
मागे पांढरं, कान दिसले पाहिजेत,
हसायचं नाही.
"हसली तं काय, दुसरीच कोन होईन?"
मी पडदा ओढतो. त्या श्वास धरतात,
गळ्याइतक्या पाण्यात उतरताना धरावा तसा.

बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट.
मार्चमध्ये एकदम दोन लाख आलेत, ते विचारतील.
"इचारू दे. जावय हाय, चोर नाय."
पासपोर्टवर जन्मतारीख एक जून,
ज्यांची कुणी लिहून ठेवली नाही त्या सगळ्यांची असते ती.
"भरती होती, आय सांगं."

मग तो रकाना येतो:
मायदेशी परत येण्याचा पुरावा.
नोकरी, स्थावर मालमत्ता, इतर बंध.
नोकरी नाही.
शेताचा सातबारा काढला तर नाव सिडकोचं.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड दिरांनी बिल्डरला दिला,
त्यावर अकरा मजले, तळाला जिम.
घर आहे, पण गावठाणाच्या रेघेबाहेर वाढलेलं,
म्हणजे कागदावर नाही.
पाडण्याची नोटीस आहे तेवढी.
"तीच लाव ना. तिच्यावर नाव हाय माझा. पत्ता पन हाय."

मी हसत नाही. खरंच विचार करतो, लावावी का.

"मी कुठं गेली नाय रं. जमीनच गेली."

हे कव्हरिंग लेटरमध्ये कसं लिहायचं
मला येत नाही. मी भुसावळचा.
माझी भाड्याची खोली बहुधा
यांच्याच भातावर उभी आहे.
मला कुणी पुरावा मागितला नव्हता.
डिपॉझिट मागितलं होतं.

प्रिंटर तापेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून सांगतो,
तो देश समुद्राच्या खाली आहे, बांध घालून राखलेला.
त्या पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकतात.
"मंग उघारी कोन बगतो?"
उधारी? मी वहीकडे बघतो.
"उघारी रं, उघारी!"
तळहात उभा करून दाखवतात,
बांधातली फळी, ओहोटीला वर, भरतीला खाली.
सासरे रात्री कंदील घेऊन जायचे.
एकदा डोळा लागला,
खारं पाणी आत शिरलं,
तीन वर्षं भात नाही.
"तिकरं कोन जागतो?"
मशीन असेल, मी म्हणतो.
त्यांना ते पटलेलं नाही.

प्रवासाचा उद्देश.
बाळंतपण लिहायचं नसतं, कामाला आली समजतात.
कुटुंबभेट लिहितो.
"आनि बांध बगायचाय, ता पन लिव."
रकान्यात जागा नाही.

बोटांचे ठसे सेंटरवर घेतील, मी बजावतो.
मासळी साफ करून अंगठा गुळगुळीत झालाय,
आधारच्या वेळी तीनदा परत पाठवलं होतं.
आठवडाभर भांडी घासू नका, खोबरेल लावा.
त्या अंगठा उजेडात धरून बघतात,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

आठ फोटो निघाले, लागतात दोन.
जाताना एक काउंटरच्या काचेखाली सरकवतात.
"ह्यो तुज्याकरं ठेव. इचारलं कोनी तं सांग,
येतंय बोलली."

संध्याकाळी शटर ओढताना बघितलं,
दुकानामागचा नाला उलटा वाहत होता,
खाडीकडून आत.
इतकी वर्षं मला वाटायचं, तुंबला असेल.